पक्षिमित्र सलीम अली

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. एके दिवशी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी निराळी का, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि बालकाच्या आयुष्याची दिशा ठरली.

वाट मात्र सुगम नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्याची दारे बंद राहिली. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी लाभली. पुढे बर्लिन येथे शिक्षण घेऊन १९३० साली ते परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम गावी राहावयास गेले.

तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. झाडावर कित्येक घरटी अर्धवट लोंबकळत असत. ती नराच्या विश्रांतीसाठी असावीत, असा एक समज होता. सलीम अली तासन्‌तास निरीक्षण करू लागले, तेव्हा कोडे उलगडले. आपण ज्याला सुगरण म्हणतो, त्याचे घरटे विणतो नर! घरटे अर्धे झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीला ते पसंत पडले, तरच नर ते पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागताच तो दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीस बोलावतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट राहतात. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध होताच जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

१९३९ साली पत्नीचा वियोग झाला, तरी कार्य थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ साली पद्मविभूषण हा सन्मान लाभला. १९८७ साली त्यांचे निधन झाले. आपल्या गोव्यात मांडवीकाठी, चोडण बेटावरील पक्षी अभयारण्यास त्यांचेच नाव दिलेले आहे.

विद्यार्थिमित्रहो, किहीमला त्यांच्यापाशी ना पगार होता, ना प्रयोगशाळा. होती ती जिज्ञासा आणि चिकाटी. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या झाडाला अर्धवट घरटे लोंबताना दिसले, तर क्षणभर थांबा. तेथेही एखादा नर मादीच्या पसंतीची वाट पाहत असेल.