पदरी घेतलेले पोर

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस जन्मले. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. मग चुलते गोविंदराव व काकू यांनी त्यांना मायेने सांभाळले.

पोरकेपण भोगलेल्या या पुरुषावर पुढे दुसऱ्या एका मुलाचा भार आला. त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली पटकीने वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्त नेमले होते. बाबामहाराजांमागे झालेला मुलगा अल्पायुषी ठरला. तेव्हा त्यांची विधवा ताईमहाराज यांनी १९०१ मध्ये औरंगाबादेस पंडितांच्याच भावकीतला जगन्नाथ दत्तक घेतला. पण पुढे बाईंचे मन फिरले. कोल्हापुरास त्यांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला, अन् पहिले दत्तविधान झालेच नाही म्हणू लागल्या.

टिळकांनी अंग काढून घेतले असते तर सुटले असते. पण मांडीवर घेतलेले पोर वाऱ्यावर कसे सोडायचे? खोट्या साक्षीच्या आरोपावरून १९०३ साली त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दावा कधी जिंकत, कधी हरत चालला. मध्ये मंडालेची सहा वर्षे गेली. अखेर १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाने जगन्नाथाचे दत्तक कायम केले.

त्याच साली गीतारहस्य निघाले. त्याच्या प्रस्तावनेच्या आरंभी तुकोबा आहेत. आम्हां माळकऱ्यांना वाटते, निष्काम कर्म ग्रंथात सांगण्याआधी टिळकांनी ते कोर्टाच्या पायऱ्यांवर आचरले. भावकीतले पोर पदरी घेणाऱ्याने एवढे ध्यानी धरावे.