पतंगांचे पंडित सर जॉर्ज हॅम्पसन

दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या करड्या पतंगाची जात सांगणे वाटते तितके सोपे नाही. भारतीय पतंगांना शास्त्रीय ओळख मिळवून देण्यात सर जॉर्ज फ्रान्सिस हॅम्पसन यांचा वाटा फार मोठा. १८६० मध्ये जन्मलेले, ऑक्सफर्डला शिकलेले हॅम्पसन निलगिरीत चहाच्या मळ्यावर आले आणि तिथे पतंगांच्या नादी लागले. मायदेशी परतल्यावर लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात त्यांनी आधी हौसेने काम केले. १८९५ मध्ये तिथेच नेमणूक मिळाली. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील त्यांचे पतंगांवरील ४ खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले.

नॉक्टुइड कुळातील निशाचर पतंगांच्या पुढच्या पंखावर बहुधा एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो, शिवाय आडव्या नागमोडी रेषा. जात ओळखायची ती या खुणांवरून. पण खवले झडतात, एकाच जातीत रंगही बदलतो. म्हणून वर्गीकरणासाठी हॅम्पसन यांनी पंखांतील शिरांच्या रचनेवर भर दिला. त्या वर्गीकरणात पुढे बरीच उलथापालथ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तरी भारतीय पतंगांचा अभ्यासक आजही ते खंड उघडतो. संग्रहालयातील पतंगांची त्यांची १५ खंडांची सूची १८९८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.