कॉनरॅड वॉडिंग्टन

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन (८ नोव्हेंबर, १९०५:इव्हशॅम, इंग्लंड - २६ सप्टेंबर, १९७५:एडिनबरा, स्कॉटलंड) हे ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञ व आनुवंशिकीतज्ज्ञ होते. एपिजेनेटिक्स, म्हणजेच अधिजनुकशास्त्र, ही संज्ञा त्यांनी १९४२ मध्ये रूढ केली. शरीरातील सर्व पेशींत तीच जनुके असताना एक पेशी स्नायूची आणि दुसरी मज्जासंस्थेची का बनते, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न होता.

जीवन

वॉडिंग्टन यांचे वडील सध्याच्या केरळमधील वायनाड येथे चहाच्या मळ्यात काम करीत. त्यामुळे त्यांची पहिली काही वर्षे भारतात गेली. पुढे त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडमधील नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी भूशास्त्राचा अभ्यास केला. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुडीविरोधी मोहिमांच्या शास्त्रीय विश्लेषणाचे काम केले. १९४७ मध्ये ते एडिनबरा विद्यापीठात प्राणी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. गणितज्ञ डूसा मॅकडफ आणि मानवशास्त्रज्ञ कॅरोलिन हंफ्री या त्यांच्या कन्या होत.

भ्रूणविकासावरील संशोधन

उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील एक विशिष्ट भाग शेजारच्या ऊतींना मज्जासंस्था घडवण्यास प्रवृत्त करतो, हे हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये दाखवले होते. वॉडिंग्टन यांनी असाच संघटक भाग पक्ष्यांच्या भ्रूणातही असल्याचे सिद्ध केले. जोसेफ नीडहॅम यांच्यासह त्यांनी या भागातील रासायनिक द्रव्याचा शोध घेतला. मात्र भ्रूणाशी संबंध नसलेले मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्यही तोच परिणाम घडवते, असे आढळले. त्यामुळे विकासाची दिशा केवळ बाहेरील संकेतावर नव्हे, तर तो स्वीकारणाऱ्या ऊतीच्या क्षमतेवरही ठरते, या मताकडे ते वळले. ही क्षमता जनुकांशी जोडण्यासाठी त्यांनी फळमाशीवर प्रयोग सुरू केले.

एपिजेनेटिक भूदृश्य

त्या काळी भ्रूणशास्त्र आणि आनुवंशिकी या दोन शाखांत फारसा संवाद नव्हता. त्यांना जोडण्यासाठी वॉडिंग्टन यांनी एका भूदृश्याची कल्पना मांडली. १९५७ च्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स' या ग्रंथात उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूचे चित्र आहे. चेंडू म्हणजे विकसनशील पेशी आणि वाटेत फुटत जाणाऱ्या दऱ्या म्हणजे तिच्यापुढील पर्याय. दरी जितकी खोल, तितका चेंडू लहानसहान धक्क्यांनी मार्ग सोडत नाही. दुसऱ्या चित्रात भूदृश्याखाली खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांचे जाळे दिसते. खुंट्या म्हणजे जनुके. एकच जनुक एकच गुण ठरवते असे नसून अनेक जनुके मिळून उताराचा आकार ठरवतात, असे त्यांना सुचवायचे होते.

जनुकीय सात्मीकरण

फळमाशीच्या कोषांना ४० अंश सेल्सिअस तापमानात चार तास ठेवल्यास काही माश्यांच्या पंखांवरील आडवी शीर नाहीशी होते. वॉडिंग्टन यांनी अशाच माश्या निवडून त्यांची पैदास केली. सुमारे १४ पिढ्यांनंतर काही माश्यांत उष्णता न देताही शीर आढळली नाही. हे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. सोव्हिएत संघात लिसेंको यांचा प्रभाव असण्याच्या त्या काळात, उपार्जित गुणांच्या वारशाचे हे समर्थन आहे, अशी शंका घेतली गेली. वॉडिंग्टन यांचे स्पष्टीकरण मात्र डार्विनच्या सिद्धान्ताशी सुसंगत होते: उष्णतेमुळे आधीपासूनच सुप्त असलेले जनुकीय वैविध्य उघड होते आणि निवडीमुळे ते एकत्र येते. यात नेहमीच्या निवडीपेक्षा वेगळे काही नाही, असा आक्षेप काही उत्क्रांतिशास्त्रज्ञांनी घेतला. १९९८ मध्ये सुझन लिंडक्विस्ट आणि सुझन रदरफोर्ड यांनी एचएसपी ९० या प्रथिनावरील प्रयोगांतून असे सुप्त वैविध्य दाखवल्यावर या कल्पनेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

वारसा

एपिजेनेटिक्सचा आजचा अर्थ वॉडिंग्टन यांच्या व्याख्येपेक्षा मर्यादित आहे. डीएनएचा क्रम न बदलता पेशीविभाजनानंतरही टिकणारे जनुकनियंत्रण, असा तो सामान्यतः घेतला जातो. डीएनएचे मिथिलीकरण, हिस्टोन प्रथिनांतील रासायनिक बदल आणि क्रोमॅटिनची रचना यांचा अभ्यास त्यात येतो. मिथिलीकरणाद्वारे जनुके नियंत्रित होत असावीत, ही कल्पना रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू, तसेच आर्थर रिग्ज यांनी १९७५ मध्ये, म्हणजे वॉडिंग्टन यांच्या निधनाच्याच वर्षी मांडली. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या विकसित पेशी पुन्हा मूलपेशीसदृश अवस्थेत नेल्या. या शोधाचे वर्णन चेंडू पुन्हा टेकडीच्या माथ्यावर नेणे असे केले जाते.