हायडनचे करारपत्र

एकशे ऐंशी ग्रॅम वजनाच्या जाड तबकडीवर पुन्हा काढलेली अभिजात पाश्चात्त्य संगीताची जुनी ध्वनिमुद्रणे आज चढ्या किमतीला विकली जातात. सुई कोणती, ध्वनिवर्धक कोणता, यावर शौकिनांत वाद झडतात. अशा तबकडीवर दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांचा ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ असला, तरी या प्रकाराला प्रौढ रूप देणाऱ्या योसेफ हायडनच्या नोकरीच्या अटी कोणाला आठवत नाहीत. वास्तविक त्याचे चरित्र स्वरांइतकेच करारपत्रांसाठीही वाचनीय आहे.

हायडन १७३२ साली ऑस्ट्रियातील रोराऊ या गावी जन्मला. वडील गाड्यांची चाके करीत. आई लग्नापूर्वी सरदाराघरी स्वयंपाकीण होती. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या गायकवृंदात तो वाढला; पण आवाज फुटताच त्याला बाहेरची वाट दाखविण्यात आली. पोटमाळ्यावर राहून, शिकवण्या करून त्याने दिवस काढले.

१७६१ मध्ये एस्टरहाझी या धनाढ्य सरदार घराण्याने त्याला वार्षिक ४०० फ्लोरिनांवर नोकरीस ठेवले. अटी बोलक्या आहेत. त्याने गणवेश घालावा, रोज हुजुरांच्या दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज्ञा घ्यावी, आणि मुख्य म्हणजे त्याची रचना धन्याची मालमत्ता समजली जाईल. परवानगीवाचून ती बाहेर द्यावयाची नाही. पगार निश्चित होता, हाताशी वाद्यवृंद होता आणि प्रयोगाला अवसर होता, हे नाकारता येणार नाही. १७७२ चे सहा प्रगल्भ क्वार्टेट याच बंधनात जन्मले. परंतु श्रमाचे फळ श्रमिकाचे नव्हते.

१७७९ साली नवा करार झाला आणि मालकी हक्काचे ते कलम गळाले. दोनच वर्षांनी हायडनने सहा नव्या क्वार्टेटांच्या हस्तलिखित प्रती सहा डुकाटांना आगाऊ वर्गणीदारांना देऊ केल्या. तेवढ्यात व्हिएन्नाच्या आर्टारिया प्रकाशनसंस्थेने छापील आवृत्तीची जाहिरात केली. वर्गणीदारांचा लाभ बुडणार म्हणून तो संतापला. धन्याच्या हातून सुटलेला कलावंत बाजाराच्या तावडीत सापडतो, हा धडा त्याला तत्काळ मिळाला.

१७९० मध्ये धनी प्रिन्स निकोलाउस वारला. त्याने ठेवलेले १००० फ्लोरिनांचे निवृत्तिवेतन हाती घेऊन हायडन दोनदा लंडनला गेला आणि तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसमोर त्याने मानधन व कीर्ती मिळविली. १७९७ मध्ये रचलेल्या सम्राटगीताची त्याची चाल त्याच्याच एका क्वार्टेटमध्ये आहे. आज ती जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. मे १८०९ मध्ये, नेपोलियनच्या सैन्याने व्यापलेल्या व्हिएन्नात, तो निवर्तला. अखेरचा क्वार्टेट अपुराच राहिला.

पुढे १९३० च्या दशकात ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने प्रो आर्ते क्वार्टेटकडून त्याच्या रचना ध्वनिमुद्रित करविल्या, त्याही आगाऊ वर्गणी घेऊनच! तेव्हा तबकडीच्या एका बाजूस चार-पाच मिनिटेच मावत. १९४८ मध्ये आलेल्या एल.पी.ने ही मर्यादा वीस-पंचवीस मिनिटांवर नेली.

येथे एक आर्थिक तत्त्व लक्षात घेतले पाहिजे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, कारखान्यात दरडोई उत्पादन वाढते, पण मैफलीत ते वाढत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी क्वार्टेटला चार वादक लागत. आजही चारच लागतात. तबकडी एका वादनाच्या हजारो प्रती काढते खरी, पण त्या चौघांची साधना काही स्वस्त होत नाही.

म्हणून केवळ आश्रय किंवा केवळ बाजार, हा वादच अपुरा आहे. हायडनला दोहोंची गरज लागली: जगण्यापुरते निश्चित वेतन आणि स्वतःच्या कृतीवरील हक्क. पहिले असून दुसरे नव्हते, तेव्हा तो गणवेशातला चाकर होता. दोन्ही मिळाली, तेव्हा तो युरोपचा झाला. तबकडीची किंमत मोजताना वादकाच्या वाट्याला त्यातले काय जाते, हे रसिकाने विचारलेच पाहिजे.