म्हातारपणाचं कोडं

म्हातारपण म्हटलं की आपल्याला आधी गुडघे आठवतात. मला एली मेचनिकॉफ आठवतात. मैत्रिणींनो, त्यांचा जन्म १८४५चा, आजच्या युक्रेनमधल्या खार्किव भागातला. १८७३मध्ये त्यांची पहिली पत्नी क्षयाने गेली. त्या दुःखात त्यांनी स्वतःचा जीव संपवू पाहिला, सुदैवाने वाचले.

पुढे १८८२मध्ये इटलीतल्या मेसिनाला त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! अशाच पेशी रोगजंतूंना गिळून शरीर राखतात, हे त्यांनी दाखवून दिलं. १९०८मध्ये पॉल अर्लिक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना त्यांना एका प्रश्नाने घेरलं. माणूस म्हातारा का होतो? या अभ्यासाला ‘जेरोंटॉलॉजी’ हे नावही त्यांनीच १९०३मध्ये दिलं. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि शरीर झिजतं, असं त्यांना वाटे. म्हणून ते रोज आंबवलेलं दूध घेत. १९१६मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले.

दह्याने आयुष्य वाढतं, हे काही सिद्ध झालेलं नाही. आतड्यातले जंतू आणि वार्धक्य यांचं नातं मात्र शास्त्रज्ञ आजही तपासताहेत. मला भावतं ते वेगळंच. ज्यांना एकदा जगणंच नकोसं झालं होतं, त्यांनीच म्हातारपण सुखाचं कसं होईल, याचा ध्यास घेतला. घरातल्या सासूबाईंचं किंवा आपलंच दुखणं ‘वयच झालं’ म्हणून सोडून देताना एवढं आठवू या.