दोन मतांची किंमत

मतदानाची पद्धत कोणती असावी, हा प्रश्न खुद्द मतदारांपुढे ठेवण्याचे धाडस फार थोड्या राष्ट्रांनी केले आहे. न्यूझीलंडने १९९३ साली ते केले आणि तेथील जनतेने जुनी पद्धत टाकून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची संमिश्र पद्धत पत्करली. ब्रिटनने २०११ साली ते केले आणि तेथील जनतेने जुनीच पद्धत राखली. आपल्या देशात असे सार्वमत कधी झाले नाही. परंतु ते घ्यावे, अशी मागणी एका मोठ्या वाटाघाटीत झाली होती आणि तीवरून ती वाटाघाट मोडण्याच्या बेतात आली होती. मागणी करणारे गृहस्थ होते परळच्या चाळीत राहणारे एक बॅरिस्टर, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या चरित्रात महाडचे तळे, नाशिकचे मंदिर, घटना समिती आणि नागपूरची दीक्षाभूमी यांना जे स्थान आहे ते योग्यच आहे. पण या साऱ्यांच्या आडून वाहणारा एक धागा सहसा कोणी हाती घेत नाही. मत कोणाला असावे, ते कसे टाकावे आणि कसे मोजावे, या विषयाचा त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे पाठपुरावा केला. विषय रुक्ष आहे खरा. परंतु अल्पसंख्य माणसाचे सारे राजकीय भवितव्य अशा रुक्ष तपशिलातच दडलेले असते, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले नव्हते.

आरंभ १९१९ च्या जानेवारीत झाला. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे हे अठ्ठावीस वर्षांचेही नसलेले प्राध्यापक साउथबरो समितीपुढे साक्षीस उभे राहिले. मालमत्तेवर मताचा अधिकार ठरवला तर ज्यांना मालमत्ता मिळूच दिली जात नाही त्यांचे काय, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि त्यांना आपले प्रतिनिधी आपणच निवडू द्यावेत, असे त्यांनी सुचवले. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी हीच भूमिका अधिक नेमकी केली. प्रौढ मतदान देत असाल तर संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा आम्हांस चालतील. ते देत नसाल तर विभक्त मतदारसंघ द्या. विभक्त मतदारसंघ हे त्यांचे दैवत होते, असा समज आजही आढळतो. तो या साक्षीपुढे टिकत नाही. त्यांच्या दृष्टीने ते एक साधन होते, आणि दुसरे साधन न मिळाल्यास वापरायचे.

गोलमेज परिषदेनंतर १९३२ च्या ऑगस्टमध्ये मॅक्डोनल्ड यांचा निवाडा आला. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मते होती: एक आपल्या विशेष मतदारसंघात आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. हे दुसरे मत बाबासाहेबांना पहिल्याहून मोलाचे वाटे. त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्यांच्या दारी यावे लागले असते. महात्माजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. मुंबईत सुरू झालेल्या वाटाघाटी २४ तारखेला पुण्यास संपल्या आणि ते दुसरे मत गेले. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. सर तेजबहादूर सप्रूंनी सुचवलेली प्राथमिक निवडणूक कराराला जोडली गेली. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून एक सर्वांनी मिळून निवडायचा, अशी ती योजना.

वाटाघाट अडली ती येथे नव्हे. राखीव जागा कधी बंद व्हाव्यात हे दलितांच्याच सार्वमताने ठरावे, अशी बाबासाहेबांची मागणी होती, आणि ते निदान दहा वर्षे तरी घेऊ नये यावर ते अडून बसले. महात्माजींचा आग्रह पाच वर्षांचा होता. उपोषणाने प्राण कंठाशी आलेले एकीकडे आणि हा वर्षांचा हिशेब दुसरीकडे! त्या काळी अनेकांनी बाबासाहेबांना निष्ठुर ठरवले. परंतु सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाला पाच वर्षे पुरतील हा अंदाज आज कोण मान्य करील? अखेर राजाजींनी तोड काढली: मुदत लिहू नये, उभयपक्षी संमतीने पुढे ठरवावे. अशा रीतीने सार्वमताची कल्पना करारातून निसटली.

करारानंतरची झुंज त्याहून कमी परिचित आहे. एका मतदारसंघातून अनेक सभासद निवडायचे आणि त्यांत एक जागा राखीव, अशी रचना झाल्यावर मतदाराने आपली मते टाकायची कशी? एका उमेदवाराला एकच मत देता येईल असा नियम केला, तर बहुसंख्य मतदाराचे पहिले मत आपल्या माणसाला पडते आणि उरलेले मत राखीव जागेकडे वळते. मग त्या जागेवर कोण येणार हे बहुसंख्यच ठरवणार. याउलट सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असेल तर थोडे मतदारही एकजुटीने आपला माणूस निवडून आणू शकतात. ही दुसरी, संचित मतांची पद्धत बाबासाहेबांनी आग्रहाने मागितली आणि मुंबई इलाख्याला ती मिळाली. १९३६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ ची निवडणूक या नियमाने लढवली. भायखळा-परळ मतदारसंघात त्यांच्यासमोर काँग्रेसने पी. बाळू यांना उभे केले होते. अस्पृश्य समाजात जन्मून क्रिकेटच्या मैदानावर कीर्ती मिळवलेला तो थोर गोलंदाज होता. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

घटना समितीत प्रौढ मतदान आणि सर्वांसाठी एकच मतदार यादी आली. १९२८ ची त्यांची पहिली पसंती एकवीस वर्षांनी कायद्यात उतरली. ४ जानेवारी १९४९ रोजी मात्र प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या सूचनेला त्यांनीच विरोध केला. मतदाराला उमेदवारांचा पसंतीक्रम आकड्यांनी मांडता यायला हवा, आणि बहुसंख्य देश निरक्षर आहे; शिवाय त्या पद्धतीने कायदेमंडळ तुकड्यांत विभागले जाते व सरकार टिकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. मंत्रिमंडळाची निवड एकल संक्रमणीय मताने व्हावी, असे याच गृहस्थांनी १९४७ साली आपल्या आराखड्यात सुचवले होते, याची आठवण काही टीकाकार देतात. त्या योजनेतले मतदार आमदार होते, निरक्षर शेतकरी नव्हेत, हे टीकाकार विसरतात.

मग १९५२ साल उजाडले. लोकसभेचा मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ द्विसदस्य होता आणि नियम होता एका उमेदवाराला एकच मत. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर त्यांतली एकच धरली जाई. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते मिळवून निवडून आले. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष १,२३,५७६ मतांवर राहिले. ७४,३३३ मते मोजणीतून बाद झाली होती. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक अर्जात गेले. अर्ज फेटाळला गेला. दोन्ही मते एकाच पेटीत टाकण्याची जी रीत १९३७ साली परळमध्ये कायदेशीर होती, तीच पंधरा वर्षांनी मत बाद होण्याचे कारण ठरली, हा योगायोग कोणाही अभ्यासकाला अस्वस्थ करील. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. आणि त्या सभागृहाची निवडणूक होते ती एकल संक्रमणीय मतानेच!

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य. दुसरे मत कोणालाच न देता जाळावे, म्हणजे राखीव जागा हाती येईल, असा सल्ला काही अनुयायांनी दिला आणि घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवण्यास सांगणे शोभत नाही म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी आठवण त्या वेळचे कार्यकर्ते सांगत. ते आठ हजारांवर मतांनी पडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या फेडरेशनने राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

तीनच महिन्यांनी, १९५७ च्या निवडणुकीत, मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघातून कॉम्रेड डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने हे दोघेही लोकसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत गिरणगावाने या खेपेस एक मत एकाला आणि दुसरे दुसऱ्याला दिले होते. त्याच निवडणुकीत आंध्रमध्ये व्ही. व्ही. गिरी यांचा राखीव आणि सर्वसाधारण अशा दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार आल्याने पराभव झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही हरले. १९६१ साली संसदेने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले. १९६२ साली परळ-लालबागचा मतदार केंद्रावर गेला तेव्हा लोकसभेसाठी त्याच्या हाती एकच मतपत्रिका पडली.