अबेबे बिकिला : पाच आठवड्यांची शर्यत

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. ते धावू इच्छिणारा मनुष्य महिनोन्‌महिने आधीपासून आपला देह घडवीत असतो, आणि स्पर्धेपूर्वीचे शेवटचे काही आठवडे त्याला सोन्याच्या मोलाचे वाटतात. नेमके तेच आठवडे आजाराने हिरावून घेतले, तर हाती काय उरते? या प्रश्नाचे उत्तर इथियोपियाच्या अबेबे बिकिलाने १९६४ साली टोकियो येथे दिले. त्या उत्तराचा पूर्वार्ध सर्वज्ञात आहे. उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तोच अधिक मोलाचा आहे.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथियोपियाच्या उंच पठारावरील एका लहानशा खेड्यात झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी लॉस एंजलिस येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली जात होती. तरुणपणी तो राजधानी अदिस अबाबा येथे आला आणि सम्राट हेले सेलासी यांच्या शाही अंगरक्षक दलात शिपाई म्हणून भरती झाला. तेथे स्वीडनहून आलेले प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांची दृष्टी या सडपातळ, मितभाषी जवानावर पडली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेत, चढउतारांच्या वाटांवर, निस्कानेन यांनी त्याला वर्षानुवर्षे शिस्तीने धावविले.

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी रोमच्या रस्त्यांवर जगाने अबेबेला प्रथम पाहिले. नवे बूट पायांना नीट बसेनात, तेव्हा तो सरावातल्याप्रमाणे अनवाणीच धावला. वाटेत एका ठिकाणी इथियोपियातील अक्सूमचा प्राचीन स्तंभ उभा होता. इटलीच्या सैन्याने अबेबेच्या बालपणी त्याचा देश जिंकला होता आणि हा स्तंभ लुटीसारखा रोमला आणला होता. अंतिम रेषा तेथून फार दूर नव्हती. त्याच परिसरात अबेबेने वेग वाढविला, मोरोक्कोच्या राडी बेन अब्देसलामला मागे टाकले आणि कॉन्स्टन्टाईनच्या कमानीपाशी शर्यत जिंकली. २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद ही त्या काळची जगातील सर्वोत्तम वेळ होती. इथियोपियाच्या वाट्याला आलेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक.

पुढील चार वर्षांत त्याने अनेक शर्यती जिंकल्या. पण तो अजिंक्य नव्हता. १९६३ साली बोस्टन येथे त्याला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. टोकियोची तयारी मात्र उत्तम चालली होती. १९६४ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या निवड-शर्यतीत तो पहिला आला. आणि मग, सराव ऐन भरात असताना, पोटात असह्य कळ उठली. त्याने ती सोसून धावण्याचा प्रयत्न केला; अखेरीस तो कोसळला. निदान झाले अपेंडिक्सच्या तीव्र दाहाचे. १६ सप्टेंबर रोजी शस्त्रक्रिया झाली. मॅरेथॉन होती २१ ऑक्टोबरला. मध्ये उरले होते बरोबर पाच आठवडे.

त्या पाच आठवड्यांतील पहिले दिवस जखम भरून येण्यातच गेले. थोड्याच दिवसांत तो रुग्णालयातून बाहेर पडला, संघाबरोबर टोकियोला पोहोचला आणि जपून, हळूहळू धावू लागला. तो पूर्ण अंतर धावू शकेल की नाही, याचीच अनेकांना शंका होती. विजयाची भाषा तर दूरच राहिली.

शर्यतीच्या दिवशी त्याच्या पायांत पांढरे मोजे आणि बूट होते. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने प्रारंभीच विलक्षण वेग धरला. अबेबे घाईने पुढे गेला नाही आणि फार मागेही राहिला नाही. अर्धे अंतर सरेपर्यंत क्लार्क मागे पडला होता. आयर्लंडचा जिम होगन तेवढा काही काळ टिकून राहिला. पुढे तोही मागे पडला आणि ३५ किलोमीटरनंतर त्याने शर्यत सोडली. अबेबेची पावले मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच लयीत पडत होती. खचाखच भरलेल्या क्रीडागारात तो एकटाच शिरला. वेळ होती २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद, पुन्हा एकदा जगातील सर्वोत्तम. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. अंतिम रेषा ओलांडल्यावर तो हिरवळीवर गेला आणि शांतपणे अंग ताणण्याचे व्यायाम करू लागला. ब्रिटनचा बेसिल हीटली दुसरा आला, तेव्हा चार मिनिटांहून अधिक काळ लोटला होता.

या विजयाचे श्रेय केवळ मनोनिग्रहाला देणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. आजाराने त्याचे काही आठवडे नेले. पठारावर घाम गाळून साठविलेली वर्षे नेली नाहीत. ऐनवेळची तयारी अपुरी पडली तेव्हा आधीची पुंजी कामी आली.

उत्तरार्ध असा, की ही पुंजीही प्रत्येक वेळी पुरत नाही. १९६८ साली मेक्सिको येथे अबेबे पायाचे दुखणे घेऊनच धावण्यास उभा राहिला. निश्चय तोच होता, अनुभव अधिक होता. परंतु सुमारे १७ किलोमीटरनंतर पायाने साथ सोडली आणि तो थांबला. ती शर्यत त्याचाच सहकारी मामो वोल्डे याने जिंकली आणि सुवर्णपदक इथियोपियाकडेच राहिले.

मार्च १९६९ मध्ये मोटार अपघातात अबेबेच्या कण्याला जबर दुखापत झाली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे दीर्घ उपचार झाले, पण त्याचे पाय पुन्हा चालले नाहीत. हातांत बळ होते. चाकाच्या खुर्चीत बसून त्याने धनुष्य उचलले आणि १९७० साली तेथील अपंगांच्या स्पर्धेत तिरंदाजीत भाग घेतला. पुढे नॉर्वेत बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीतही तो उतरला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो सन्माननीय पाहुणा म्हणून उपस्थित होता. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याने जगाचा निरोप घेतला. अदिस अबाबात त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंचा जनसमुदाय लोटला.

टोकियोचा अबेबे सर्वांना आठवतो. पण मेक्सिकोत थांबणारा आणि स्टोक मँडेव्हिलला धनुष्य उचलणारा अबेबेही तोच होता. परीक्षेच्या ऐन तोंडावर मूल आजारी पडले, की घराघरांत काळजीचे सावट पसरते. अशा वेळी या तिन्ही प्रसंगांची एकत्र आठवण ठेवावी. वर्षानुवर्षांचा अभ्यास चार दिवसांच्या तापाने पुसला जात नाही. तरीही एखादी शर्यत अर्ध्यावर सोडावी लागते, आणि ती सोडल्याने मनुष्य संपत नाही.